चहामळ्यातील टोकन आणि गेमनिर्मात्याचा मोबदला

संगणकावर आणि मोबाइलवर खेळले जाणारे खेळ, ज्यांना आता घरोघरी 'गेम' म्हणूनच ओळखले जाते, ते घडविणारा एक नवा कारागीरवर्ग गेल्या दीड-दोन दशकांत भारतात उभा राहिला आहे. यांतील पुष्कळ जण बड्या कंपन्यांच्या सेवेत आहेत. परंतु एखादा चित्रकार, एखादा संगीतकार आणि एक-दोन प्रोग्रामर एकत्र येऊन स्वतःच्या कल्पनेतील खेळ स्वतःच्या हिमतीवर सिद्ध करणारे स्वतंत्र गेमनिर्मातेही आहेत. या मंडळींना गेल्या काही वर्षांत एक सल्ला मोठ्या आग्रहाने दिला जात आहे. तो असा की, तुमच्या श्रमाचा मोबदला रुपयांत नको, बँकेमार्फत येणाऱ्या डॉलरमध्येही नको. तो क्रिप्टोमध्ये, म्हणजे आभासी चलनात घ्या. बँक नको, दलाल नको, सरकारी कागदपत्रे नकोत. पैसा थेट ग्राहकाच्या संगणकातून तुमच्या संगणकात!

सल्ल्याची भाषा मुक्तीची आहे. मुक्तीची भाषा बोलणाऱ्याच्या हातात कोणते खतपत्र आहे, हे पाहून घेण्याचे शहाणपण मात्र या देशाने फार मोठी किंमत मोजून मिळविले आहे. तेव्हा या सल्ल्याचीही तपासणी व्हावयास हवी. विजयादशमी २०२१ च्या नागपूर येथील भाषणात सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी बिटकॉइनसारख्या अनियंत्रित चलनाविषयी चिंता व्यक्त केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वदेशी जागरण मंचानेही आभासी चलनावर बंदीची मागणी केली. त्या वेळी 'यांना तंत्रज्ञान कळत नाही' अशी टिंगल इंग्रजी वृत्तपत्रांतील काही पंडितांनी केली. त्यानंतरच्या काळात काय घडले, याचा हिशेब या पंडितांनी मांडलेला नाही. तो मांडणे आवश्यक आहे.

गाऱ्हाणे खरे आहे

प्रारंभीच हे मान्य केले पाहिजे की, स्वतंत्र गेमनिर्मात्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. संगणकावरील खेळांच्या विक्रीचे जगातील सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतील वॉल्व्ह कंपनीचे 'स्टीम'. येथे विक्रीच्या रकमेतून ३० टक्के दुकानदार ठेवून घेतो. २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर हे प्रमाण २५ टक्के आणि पाच कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के झाले. म्हणजे सवलत मिळाली ती धनाढ्यांना. पुण्यातील किंवा कोचीतील चार मुलांनी मात्र पूर्ण ३० टक्के मोजायचे! त्यातून अमेरिकेतील विक्रीच्या हिश्श्यावर तेथील कर कापला जातो, आणि उरलेली रक्कम बँकेत पोहोचेपर्यंत चलनबदलाचा आणखी एक वाटेकरी उभा असतो. मोबाइलच्या क्षेत्रात गुगलची सत्ता किती निरंकुश आहे, हे मार्च २०२४ मध्ये सर्वांनी पाहिले. शुल्काच्या वादावरून विवाहजुळणी आणि नोकरीविषयक प्रसिद्ध भारतीय अ‍ॅप्स या कंपनीने आपल्या दुकानातून एकाएकी काढून टाकली. केंद्र सरकारने खडसावल्यानंतरच ती परत आली.

पैसे पोहोचविणाऱ्या कंपन्यांचा अनुभव याहून निराळा नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपॅलने भारताशी होणारे वैयक्तिक व्यवहार अचानक थांबविले, तेव्हा परदेशी ग्राहकांची छोटी कामे करणाऱ्या असंख्य भारतीयांचे पैसे अडकले. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील आपले काम बंद केले. जुलै २०२५ मध्ये तर, पैसे पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे स्टीमने अनेक खेळ काढून टाकले आणि स्वतंत्र निर्मात्यांचे आवडते दुकान असलेल्या 'इच' या संकेतस्थळाने हजारो खेळ आपल्या शोधयादीतून गाळले. हे बहुतांश खेळ अश्लील होते, त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे काही कारण नाही. परंतु जगात कोणता खेळ विकला जावा आणि कोणता नाही, याचा निर्णय कायद्याने किंवा समाजाने न करता कार्ड चालविणाऱ्या दोन-तीन परकीय कंपन्यांनी करावा, ही गोष्ट भयावह आहे. आज त्यांना अश्लीलता नको आहे. उद्या त्यांना दुसरेच काही नकोसे झाले तर?

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा त्यांचा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. रक्षाबंधनाच्या सणात असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी, तिला वरदान देणारी दुर्गामाता, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व श्रीविष्णू! आपल्या पुराणांचा आणि स्थापत्याचा एवढा देखणा आविष्कार या माध्यमात पूर्वी क्वचितच झाला असेल. पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठीच्या जागतिक पुरस्काराचे नामांकनही त्याला लाभले. परंतु याच खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागण्यात आली, तेव्हा ती उद्दिष्टापर्यंत पोहोचली नव्हती. देवी-देवतांच्या नावाने कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या चित्रपटसृष्टीला या मुलांची आठवण झाली नाही. हिंदू समाजातील धनिकांनाही झाली नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे. पैशाची वाट अशी सर्व बाजूंनी अडलेली असताना, 'आमच्या टोकनात मोबदला घ्या' असे सांगत एखादा जवळ आला, तर तरुण निर्मात्याला तो देवदूत वाटावा यात नवल नाही.

मळेवाल्याचे नाणे

एकोणिसाव्या शतकात आसाम, काचार आणि सिल्हेट येथील चहामळ्यांमध्ये एक चमत्कारिक नाणे चालत असे. पितळेच्या किंवा तांब्याच्या चकतीवर मळ्याचे नाव कोरलेले असे, आणि मजुराला दिवसाच्या कामाबद्दल ती चकती मिळे. दुर्गम भागात सुटे सरकारी नाणे पुरेसे मिळत नाही, म्हणून ही सोय केली आहे, असे मळेवाले सांगत. कारण अगदीच खोटे नव्हते. परंतु या चकतीची करामत अशी की, तिला किंमत होती ती मळ्याच्या परिसरात आणि मळेवाल्याशी बांधलेल्या दुकानात. कुंपणाबाहेर ती कवडीमोल! छोटा नागपूरच्या डोंगरातून आणलेल्या वनवासी मजुराने वर्षभर राबून चकत्यांचा ढीग साठविला, तरी त्या ढिगाच्या बळावर त्याला घरी परतता येत नसे. शिवाय १८५९ च्या कायद्याने करार मोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूद होतीच. याच ब्रिटिशांच्या संसदेने त्यांच्या स्वतःच्या देशात अनेक धंद्यांतील कामगारांना प्रचलित नाण्यातच वेतन दिले पाहिजे, असा कायदा १८३१ मध्ये केला होता. त्यांच्या मायदेशी जे पाप, ते आसामात व्यवस्थापन!

भारतात वेतन अदायगीचा कायदा १९३६ मध्ये झाला आणि वेतन चलनी नाण्यात वा नोटांत द्यावे, असे त्याने सांगितले. २०१९ च्या वेतन संहितेनेही नाणे, नोटा, धनादेश आणि बँक खाते या वाटा सांगितल्या आहेत. तेव्हा नोकरदाराला टोकनात पगार देता येत नाही. परंतु स्वतंत्र गेमनिर्माता कायद्याच्या दृष्टीने कामगार नाही, तो कंत्राटदार आहे. त्याच्याभोवती हे कुंपण नाही, आणि टोकनवाल्यांनी नेमकी हीच फट हेरली आहे. दत्तोपंत ठेंगडी स्वयंरोजगारी कारागिरांचे 'विश्वकर्मा क्षेत्र' निराळे मानत असत. मालक आणि मजूर या पाश्चात्त्य जोडीत ज्याला स्थान मिळत नाही, असा हा कारागीर आहे आणि अर्थशास्त्राने त्याचा वेगळा विचार केला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन. लोहार, सुतार, विणकर यांच्या पंक्तीत आज हा गेमनिर्माताही बसला आहे. भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी या नव्या विश्वकर्म्याचीही आठवण होणे अगत्याचे आहे.

टोकनची आजची रीत पाहावी. एखादी कंपनी खेळांचे व्यासपीठ काढते आणि स्वतःचे टोकनही काढते. त्यातील मोठा वाटा संस्थापक आणि गुंतवणूकदार यांच्याकडे राहतो. खेळ घडविणाऱ्याला अनुदान किंवा मोबदला म्हणून काही लाख टोकने दिली जातात, आणि पुष्कळदा ती ठरावीक काळ विकता येणार नाहीत, अशी अट असते. टोकन विकत घेणारे नवे भाविक येत राहतात तोपर्यंत भाव चढतो, आणि ओघ आटला की कोसळतो. ज्या कंपनीसाठी काम केले, तिच्याच नशिबाशी कामाचा मोबदलाही बांधला गेला! कंपनी बुडाली तर काम गेले, आणि केलेल्या कामाचे पैसेही गेले. मळ्याचे कुंपण दिसत नाही एवढाच काय तो फरक.

'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' या व्हिएतनाममधील कंपनीच्या खेळाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. खेळा आणि कमवा, अशी त्याची जाहिरात होती. कोरोनाच्या काळात रोजगार गमावलेले फिलिपिन्समधील असंख्य लोक हा खेळ खेळून मिळणाऱ्या टोकनावर घर चालवू लागले. २०२१ मध्ये ३५ सेंटच्या वर गेलेले ते टोकन पुढच्या वर्षी एका सेंटच्याही खाली आले. मार्च २०२२ मध्ये या खेळाच्या जाळ्यातून सुमारे ६२ कोटी डॉलर मूल्याची आभासी चलने चोरीला गेली, आणि अमेरिकेच्या तपास यंत्रणेने या चोरीमागे उत्तर कोरियाच्या राजवटीचे हस्तक असल्याचे जाहीर केले. फिलिपिन्समधील गृहिणीच्या घामाचा पैसा कोणाच्या शस्त्रागाराच्या वाटेला लागला असेल, याची कल्पना करावी.

टोकन वाईट पण बिटकॉइन भक्कम, असे सांगणारा दुसरा एक पंथ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेले हे भक्कम चलन नोव्हेंबर २०२२ मध्ये १६ हजारांच्याही खाली उतरले होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला, हे त्याचे भक्त अगदी विजयी मुद्रेने सांगतात. सांगोत बापडे! ज्याच्याजवळ तीन वर्षे न विकता ठेवण्याइतके धन आहे, त्याच्यासाठी ही कथा आहे. ज्याला दर महिन्याला जागेचे भाडे, विजेचे देयक आणि दोन सहकाऱ्यांचे पैसे द्यायचे आहेत, त्याला गरज पडेल त्या दिवशी, असेल त्या भावाने विकावे लागते. कारागिराचा मोबदला आणि सटोडियाचा डाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वतः स्टीमने एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन स्वीकारण्यास प्रारंभ केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते बंद केले. भावातील चढउतार आणि एकेका व्यवहाराला २० डॉलरपर्यंत पोहोचलेले शुल्क ही कारणे कंपनीनेच दिली. जगातील सर्वांत धनाढ्य दुकानदाराला जो धोका पेलवला नाही, तो बाणेरच्या भाड्याच्या खोलीत बसलेल्या तरुणाने पेलावा काय?

कराचा हिशेब

या सल्लागारांनी न सांगितलेली आणखी एक बाब आहे, ती भारतीय कायद्याची. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर बसविला आणि त्यातील तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का करकपातही सुरू झाली. समजा, एका निर्मात्याला मार्चमध्ये एक लाख रुपये मूल्याचे टोकन मिळाले. त्या दिवसाच्या भावाने एक लाखाचे उत्पन्न त्याच्या नावे धरले जाणार. जुलैत गरजेपोटी त्याने ते विकले तेव्हा हाती आले चाळीस हजार. उरलेले साठ हजार हवेत विरले. पण त्या साठ हजारांचा तोटा त्याच्या इतर मिळकतीतून वजा होत नाही! न मिळालेल्या पैशावर कर भरण्याचा हा योग आहे.

वस्तू व सेवा कराची गोष्ट तर याहून बोचरी. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात मानली जाते आणि तिच्यावर कराचा भार पडत नाही. परंतु निर्यात ठरण्यासाठी कायद्याची एक स्पष्ट अट आहे, की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची अनुमती असेल तेथे रुपयांत मिळाला पाहिजे. क्रिप्टो या दोहोंत कोठेच बसत नाही. म्हणजे ज्या सेवेवर एक पैसाही कर द्यावा लागला नसता, तिच्यावर १८ टक्के कराची मागणी निर्मात्याच्या दारात येऊन उभी राहू शकते. स्टीमच्या ३० टक्क्यांतून सुटण्यासाठी ज्याने ही वाट धरली, त्याला ही आकडेमोड कोणी करून दाखविली होती काय?

खेळातच पैशात बदलता येणारे टोकन घालण्याचा मोहही घातक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी आणली, आणि लावायच्या 'पैशा'च्या व्याख्येत पैशात बदलता येणारी नाणी व टोकनेही समाविष्ट केली. सुंदर पौराणिक खेळ घडविण्यासाठी निघालेला तरुण जुगाराच्या अड्डेवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा!

डॉलरचा नवा मुखवटा

भावातील चढउतारावर तोडगा म्हणून आता 'स्टेबलकॉइन' पुढे केले जाते. एका डॉलरला एक नाणे, असे त्याचे आश्वासन. मे २०२२ मध्ये 'टेरा' नावाचे असे एक स्थिर नाणे काही दिवसांत मातीमोल झाले. त्याची रचना सदोष होती, खरोखरच्या डॉलरचा आधार असलेली नाणी निराळी, असे त्यावर सांगण्यात आले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा अशा आधाराच्या एका प्रतिष्ठित नाण्याचे ३३० कोटी डॉलर त्या बँकेत होते, आणि त्या नाण्याचा भाव काही काळ नव्वद सेंटच्याही खाली गेला. अमेरिकी शासनाने बँकेच्या ठेवीदारांना अभय दिले म्हणून ते सावरले. म्हणजे ज्या शासनांच्या कचाट्यातून मुक्त होण्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांतीलच सर्वांत बलाढ्य शासनाच्या कृपेवर त्याचे प्राण वाचले!

खरा प्रश्न याहून मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने स्टेबलकॉइनविषयी स्वतंत्र कायदा केला. अशी नाणी काढणाऱ्यांनी त्यांच्या आधारासाठी डॉलर आणि अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे बाळगावेत, ही त्यातील व्यवस्था. याचा सरळ अर्थ असा की, जगातील प्रत्येक कारागीर असे नाणे खिशात ठेवील, तेवढे कर्ज तो अमेरिकेच्या सरकारला देत असेल. भारतीय निर्मात्याचा डॉलर बँकेत येतो तेव्हा तो राष्ट्राच्या परकीय गंगाजळीत भर घालतो आणि निर्मात्याच्या हाती रुपया पडतो. तोच डॉलर नाण्याच्या रूपाने त्याच्या मोबाइलमध्ये राहिला, तर देशाला काही नाही आणि त्या नाण्यावरील व्याजही काढणाऱ्या कंपनीचे. एके काळी कापूस येथून जाई आणि मँचेस्टरचे कापड परत येई. आता प्रतिभा येथून जाणार आणि तिची किंमतही तिकडेच राहणार!

आणि दाद कोठे मागायची? मुंबईतून कारभार पाहणाऱ्या 'वझीरएक्स' या आभासी चलनाच्या बाजारातून जुलै २०२४ मध्ये सुमारे दोन हजार कोटी रुपयांची चलने चोरीला गेली. लक्षावधी भारतीयांची खाती गोठली ती वर्षाहून अधिक काळ, आणि पुनर्रचनेचा दावा चालला सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तेथील! सहकारी बँक बुडते तेव्हा सामान्य ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, रिझर्व्ह बँकेच्या दारात मोर्चा नेता येतो, आमदाराला जाब विचारता येतो. येथे जाब विचारण्यासाठी समोर कोणीच नाही. बँक नको, दलाल नको, म्हणता म्हणता दलाल राहिलाच. फक्त उत्तरदायित्व गेले.

ऑक्झेंडनला मिळालेले उत्तर

मुद्रा हे सार्वभौमत्वाचे चिन्ह आहे, ही जाणीव भारताला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीसाठी लक्षणाध्यक्ष आणि नाण्यांच्या परीक्षेसाठी रूपदर्शक असे स्वतंत्र अधिकारी आहेत. याच्या उलट उदाहरण महंमद तुघलकाचे. चौदाव्या शतकात त्याने पितळ-तांब्याच्या नाण्यांना चांदीचे मोल देण्याचा हुकूम काढला आणि घरोघरी खोट्या नाण्यांच्या टांकसाळी निघाल्या. शेवटी ती नाणी परत घेऊन राज्याला चांदी मोजावी लागली. आज कोणीही उठून टोकन काढतो. फरक असा की, ते परत घेऊन चांदी मोजणारा सुलतानही नाही.

परंतु या विषयात सर्वांत मार्गदर्शक प्रसंग रायगडावरचा आहे. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडी आला होता. तहाच्या बोलण्यात इंग्रजांची एक मागणी अशी होती की, त्यांची नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडणाऱ्या छत्रपतींनी त्यावर दिलेले उत्तर इंग्रजांच्याच कागदपत्रांत नोंदलेले आहे. कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, परंतु ज्यामुळे प्रजेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही. इंग्रजांचे नाणे इतर राजांच्या नाण्यांइतके शुद्ध आणि वजनाला पुरे असेल, तर ते चालेल, असा त्या उत्तराचा आशय. त्यात परक्या वस्तूचा आंधळा द्वेष नव्हता आणि परक्याच्या वकिलीला भुलणेही नव्हते. घेणाऱ्याचे नुकसान होते की नाही, ही एकच कसोटी होती. क्रिप्टोतील मोबदल्याला ही कसोटी लावली असता निकाल काय येतो, ते वर दिसलेच आहे. देणारा आपल्या डोक्यावरील सर्व धोका घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो.

क्रिप्टोला विरोध म्हणजे तंत्रज्ञानाला विरोध, हा आरोप त्यामुळेच हास्यास्पद आहे. नाणे न हलविता काशीपासून पुण्यापर्यंत पैसा पोहोचविणारी हुंडी या देशाने शतकानुशतके चालविली. तिच्यामागे पेढीचे नाव होते, आणि पत गेली तर सावकाराला बाजारात तोंड दाखविता येत नसे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवालीच्या गाडीपर्यंत जे नेले, ते पाहण्यासाठी परदेशी तज्ज्ञ येत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूरची पैसे पाठविण्याची व्यवस्था तिच्याशी जोडली गेली. पुढील वर्षी श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरपर्यंत ती पोहोचली. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयांत करण्याची वाट उघडली, आणि डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रयोगही चालू झाला. राष्ट्राची हमी असलेले डिजिटल नाणे हवे असेल, तर ते घरातच आहे.

मात्र एवढे सांगून सरकारची सुटका होत नाही. रुपयातील व्यापाराची व्यवस्था मोठ्या आयातदार-निर्यातदारांना समोर ठेवून झाली; दरमहा तीस-चाळीस हजारांचे खेळ जगभर विकणाऱ्याला तिचा स्पर्श झालेला नाही. बँकेच्या खिडकीवर अशा तरुणाला मोठ्या निर्यातदाराप्रमाणे प्रमाणपत्रे आणि कोड विचारले जातात, आणि तेथील कर्मचाऱ्यालाही त्यांचा अर्थ पुष्कळदा ठाऊक नसतो. सीमेपलीकडून छोट्या रकमा गोळा करणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली केली, हे योग्यच झाले. पण त्यांचे शुल्क किती असावे यावर कोणाचे लक्ष आहे? १५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी भारतीय गेम जगभर पोहोचावेत, असे आवाहन केले. ते खेळ विकण्यासाठी भारतीय दुकान कोठे आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने 'इंडस' हे मोबाइलसाठीचे स्वदेशी दुकान उघडले, त्याला सरकारी खात्यांनी आणि मोबाइल बनविणाऱ्यांनी किती आधार दिला? संगणकावरील खेळांसाठी तर स्टीमला टक्कर देईल असे भारतीय दुकान दृष्टिपथातही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. या धोरणाचे लाभ मुंबईतील मोठ्या स्टुडिओंच्या इमारतींपर्यंतच थांबणार, की चार जणांच्या चमूपर्यंत पोहोचणार, हे अंमलबजावणीत दिसेल. शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने स्वतंत्र निर्मात्याशी होणाऱ्या करारात रक्कम रुपयांत लिहावी, ती किती दिवसांत द्यायची ते लिहावे, आणि मोबदल्याऐवजी टोकन, नाणे वा तत्सम कोणतीही वस्तू घेण्याची अट घालू नये, एवढे एक कलम त्या धोरणाच्या नियमांत घालण्यास राज्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.